इथे डाग मुद्दाम पाडतात

पुण्याला दोन दिवस जाणं झालं की आपण शनिवारवाडा, सारसबाग, लक्ष्मी रोडवरच्या साड्या आणि बाकरवडीचा पुडा एवढं उरकून परत फिरतो. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन कोथरूडला जरूर जा. तिथे कर्वे रस्त्याजवळ छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. बी. एस. जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. एका दालनात अख्खं शहर मांडलंय. सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, उड्डाणपूल आहे, सिग्नल आहेत. मग दिवे मंद होतात, शहरात रात्र होते आणि इवल्याशा खिडक्या उजळतात. मुलं गाड्यांकडे बघतात, पण तुम्ही घरांकडे बघा हं. आपल्याकडे गणपतीपुढची आरास आणि दिवाळीतला मातीचा किल्ला ज्या बायकांनी मुलांबरोबर केलाय, त्यांना हे काम निम्मं येतंच.

उरलेलं निम्मं म्हणजे मळवणं! आपण जन्मभर डाग काढत असतो. या छंदात मात्र डाग पाडणं ही खरी विद्या. नवी कोरी प्लॅस्टिकची वाघीण रुळावर ठेवली तर ती खेळण्यातलीच दिसते. तिच्यावर धूळ, काजळी, गंज आणि पावसाचे ओघळ आले की ती कुठूनतरी माल घेऊन आली असं वाटायला लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन नावाचे छायाचित्रकार होते. जुनाट, कळकट इमारती आणि मळक्या गाड्या किती जिवंत दिसतात, हे त्यांनी आपल्या घरातल्या रेल्वेतून जगाला दाखवलं. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची ती बहुतेक सगळी रेल्वे आगीत जळाली. उरले ते त्यांनी काढलेले फोटो.

आमच्या घरी हे वेड शिरलं ते मामाजींमुळे. माझे सासरे वऱ्हाडातल्या शकुंतलेवर मालबाबू होते. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असा हा सुमारे १९० किलोमीटरचा अरुंद मार्ग. तो घातला कापसासाठी. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं ते १९९४ साली. गेली काही वर्षं गाडी बंदच आहे, रुळांवर गवत वाढलंय. मामाजी ज्या मालधक्क्यावर बसायचे, त्याचे पत्रेही निघाले. सासूबाई गेल्यापासून ते फारसं बोलत नव्हते. मुलाची सुट्टीतली खटपट बघून एक दिवस आपणहून टेबलाशी येऊन बसले. मग ठरलं, तोच मालधक्का करायचा.

थोडा हिशेब सांगते, कारण तो न करता खरेदी केली तर पैसे वाया जातात. या छंदात सगळ्यांत चालणारं माप म्हणजे खऱ्याचा ८७ वा भाग. पाच फुटांचा माणूस पावणेदोन सेंटीमीटरचा होतो. त्या मापाचे बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात; परदेशी रुळांना ते बरोबर बसतात. आपला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे भागून सव्वाएकोणीस येतात आणि गाडी अरुंद रुळांवर उभी राहिल्यासारखी दिसते. शकुंतलेचं मात्र नशीब बघा! तिचे ७६२ मिलिमीटर भागले तर पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात.

भिंतींना लग्नपत्रिकांच्या खोक्यांचा जाड पुठ्ठा घेतला. विटांच्या रेघा शाई संपलेल्या बॉलपेनने ओढल्या. पत्र्यांसाठी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद दातेरी फणीवर ठेवून बोथट पेन्सिलीने घासला. उवा काढायची बारीक फणी घ्या, मोठा कंगवा नको. पत्र्याची खरी पन्हळ साधारण तीन इंचांची, म्हणजे या मापात मिलिमीटरभरसुद्धा नाही. रुळांखालची खडी म्हणून चाळलेली कच पसरली आणि निम्मा फेविकॉल, निम्मं पाणी व भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडलं. साबण नसेल तर थेंब कचेवरच गोळा होऊन बसतो, आत उतरत नाही. चोथा झालेली चहापूड जमिनीला सुरेख दिसते, पण ती कडकडीत वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

आता मळवणं. चित्रकलेची काळी शाई स्पिरिटमध्ये चार थेंब घालून वाघिणीवर फिरवायची. ती सांध्यांत, खिळ्यांच्या डोक्यांभोवती जाऊन बसते. वाळल्यावर गंज. यासाठी परदेशी पावडरींच्या बाटल्या महागात मिळतात. आपण तुळशीवृंदावनाचा गेरू का विसरायचा? त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे तो गंजाचाच भाऊबंद. पुठ्ठ्यावर घासून, वस्त्रगाळ करून मऊ ब्रशने लावा. नाकाला रुमाल मात्र बांधा.

मी सगळीकडे सारखा गेरू लावत होते, तेव्हा मामाजी म्हणाले, “असं नसते, सूनबाई. गंज कुठंबी चढत नाही. पाणी जिथं थांबते, रंग जिथं खरचटते, तिथून तो सुरू होते.” मग ते बोलतच राहिले. दाराच्या कडीपाशी हमालांचे हात लागून लोखंड गुळगुळीत असायचं, तिथे गंज नको. ब्रेक घासून उडालेली तपकिरी धूळ चाकांपाशी आणि खालच्या अंगाला. काजळी वर, छपरावर. दारावर खडूच्या खुणा, आणि लेबल अडकवायच्या चिमट्यात कागदाचा कपटा. शेवटी म्हणाले, “गाठींचा कापूस दारात अडकून राहायचा.” वातीचा कापूस विंचरून दोन तंतू चिकटवले, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत होते.

खरी वाघीण बघायला स्टेशनावर जाल तेव्हा तिच्यावरचा अकरा आकडी नंबर वाचा. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन कोणत्या रेल्वेची ते आणि पाचवा-सहावा आकडा तिच्या जन्माचं साल. मुलांना हा खेळ फार आवडतो. वय आणि गंज यांचा मेळ बसतो का ते पडताळता येतं. कोळशाच्या उघड्या वाघिणी तरुणपणीच आतून सोलवटलेल्या असतात. तपासणीच्या तारखेची पाटी तेवढी ताज्या पांढऱ्या रंगात, भोवती सगळा मळ. ही पाटी स्वच्छ ठेवायला विसरू नका, तिच्यामुळेच बाकीचा मळ खरा वाटतो.

तयार झाल्यावर काचेच्या कपाटात ठेवा आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा, फडकं लावायचं नाही. आमच्या मामाजींनी आता पाण्याच्या टाकीचं माप आठवून कागदावर काढलंय. तिच्यासाठी पावडरचा रिकामा डबा हवाय, म्हणून मी शेजारीपाजारी सांगून ठेवलंय.