तोंड नाही दिसलं

प्राण्यांवरच्या अत्याचाराच्या तक्रारी लिहून देण्याचं काम आमच्या गटात माझ्याकडे आहे. फोटो पुन्हा पाहायचे, जबाब पुन्हा ऐकायचे आणि तीच घटना पोलिसांसाठी वेगळी, देणगीदारांसाठी वेगळी मांडायची. यात माणूस आतून खचतो. जीव लावून काम करणारी मुलं यामुळेच सोडून गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून एआयची मदत मी मनापासून घेते. विस्कळीत टिपणांचा तो कालक्रम लावून देतो, तारखांचा घोळ दाखवतो.

पुण्याजवळच्या एका सोसायटीत भटक्या कुत्रीच्या अंगावर काहीतरी कढत पडलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं : पाठीच्या डाव्या बाजूला भाजल्याची जखम, कातडी सुटलेली. झाडलोट करणाऱ्या मावशींचं बोलणं मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. "नळाला पाणी आलं होतं, मी बादली भरत होते. केकाटणं ऐकलं म्हणून बाहेर आले. वर बघितलं तर गॅलरीतून एक जण पातेलं घेऊन आत चालला होता. तोंड नाही दिसलं."

नावं, फ्लॅट नंबर, मोबाइल काढून हे सगळं मी एआयला दिलं. मसुदा आला त्यात मावशींनी 'एका रहिवाशाला उकळतं पाणी ओतताना पाहिलं' होतं. तेही 'निर्दयपणे'. कुत्री 'असहाय नजरेने मदत मागत' होती. वाचताना गलबलून यावं असं लिखाण, पण यातलं काहीच कोणी पाहिलेलं नव्हतं. भाषा सौम्य कर म्हटल्यावर त्याच जखमेची 'किरकोळ इजा' झाली. डॉक्टरांच्या कागदावर 'किरकोळ' कुठेच नव्हतं.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये मात्र प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे कृत्य कोणी केलं आणि जाणूनबुजून केलं का, हे सिद्ध करावं लागतं. उलटतपासणीत मावशी खरं तेच सांगणार, तोंड दिसलं नाही म्हणून. मग तक्रारीतलं ते एक रचलेलं वाक्य डॉक्टरांच्या खऱ्या कागदालाही संशयात ओढतं. शिवाय त्या मजल्यावरचा एखादा निरपराध माणूस सोसायटीच्या ग्रुपवर आयुष्यभराचा गुन्हेगार ठरतो. मुक्या जिवाला न्याय मिळवताना हे होऊ देणं मला मान्य नाही.

आता मी एआयला बजावूनच सांगते : टिपणात नाही ते घालू नकोस. पाहिलेलं, ऐकलेलं आणि डॉक्टरांचं मत वेगवेगळं ठेव. जिथे माहिती नाही तिथे तसं लिही. कलमं मी स्वतः मूळ कायद्यात पाहते. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दिल्याबद्दल न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांना ५००० डॉलर दंड झाला होता. देणगीच्या आवाहनात तर इमारत ओळखू येईल असा फोटोसुद्धा आम्ही टाकत नाही.

त्या पहिल्या मसुद्यातून नळाच्या पाण्याचं वाक्य गायब होतं. एआयला ते फालतू वाटलं असावं. मी ते परत घातलं आणि तक्रार मावशींना वाचून दाखवली. 'सायंकाळी' हा शब्द आला तशा त्या थांबल्या. "सायंकाळी नाही ताई, दुपारी. आमच्याकडं पाणी दुपारीच सोडतात." तेवढं दुरुस्त केलं, मग त्यांनी सही केली. पाणी सोडण्याची वेळ सोसायटीच्या फलकावर लिहिलेली होती. पोलिसांनी त्याच वेळेचं जिन्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज मागवून घेतलं.