डायल रंगवून मिळेल

घड्याळ घेण्याआधी त्याचा अभ्यास करायचा असतो, हे आमच्या पिढीच्या गावीही नव्हतं. अभ्यास करणार तरी कशाचा? घड्याळ म्हणजे एचएमटी, आणि एचएमटीतलं कुठलं, हे दुकानात त्या दिवशी काय शिल्लक आहे त्यावर ठरायचं. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरात कारखाना सुरू झाला आणि पुढची पंचवीसएक वर्षं देशाचं मनगट जवळजवळ सरकारच्याच ताब्यात होतं. 'जनता' मिळालं तर नशीब, 'पायलट' मिळालं तर चैन, आणि 'कांचन' हवं असेल तर वशिला. मुलगा मॅट्रिक झाला की वडील घेऊन द्यायचे, नाहीतर थेट लग्नात सासरे. त्या दुसऱ्या घड्याळापायी किती मुलींच्या बापांनी कर्ज काढलं, हेही जुन्या काळाचे गोडवे गाताना आठवलेलं बरं.

आमचा भाचा सध्या 'व्हिंटेज स्पोर्ट्स वॉच' घ्यायच्या विचारात आहे. विचारात म्हणजे अभ्यासात. रात्री जेवणं झाली की तो मोबाइल घेऊन बसतो आणि जपानपासून जिनिव्हापर्यंतच्या लोकांनी उघडून दाखवलेली घड्याळं बघतो. कुठल्या सालच्या सेकोत कुठलं मशीन, कुठल्या काट्याचं टोक कसं, चावीवर खूण हवी की नको, सगळं त्याला पाठ. काडीचीही खरेदी न करता त्याला जेवढं कळतं, तेवढं आम्हाला जन्मभर घड्याळ बांधून कळलं नाही.

त्यानेच सांगितलं की डायलच्या कडेने आकडे असतात ते शोभेचे नसतात. त्याला टॅकीमीटर म्हणतात. किलोमीटरच्या एका दगडाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडाशी पुन्हा दाबायचं, की काटा गाडीचा वेग दाखवतो. ही आकडेपट्टी बहुधा ताशी 60 ला संपते. त्याहून हळू जाणाऱ्याची दखल घ्यायची नाही, असा शर्यतवाल्यांचा खाक्या. आमच्या मिरज जंक्शनातून तेव्हा तिन्ही मापांच्या रुळांवर गाड्या सुटायच्या. त्यातली पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी गाडी या घड्याळाच्या लेखी चाललीच नसती. दुसऱ्या एका जातीच्या डायलवर वेगाऐवजी नाडीचे आकडे असतात: 30 ठोके मोजून बटण दाबायचं, की मिनिटाचे ठोके समोर. मिशन हॉस्पिटलच्या या गावात गल्लोगल्ली डॉक्टर. तसलं घड्याळ खरं इथेच खपायला हवं होतं. पण साधा सेकंदकाटा आणि तोंडातल्या तोंडात मोजणं, एवढ्यावर इथल्या नाड्या बघून झाल्या.

स्पोर्ट्स घड्याळं आमच्याकडे नव्हती असं नाही. आखाती देशातून सुट्टीला आलेल्या कुणाच्या तरी मनगटावर ती दिसायची: जाडजूड, स्टीलच्या पट्ट्याची, कडेची चकती कर्रकर्र फिरणारी. ती चकती कशाला फिरते हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसायचं, पण एस.टी.च्या दांड्याला धरताना बाही वर सरकवायची हे ठाऊक असायचं. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी तर 1865 पासून मुंबईत ठाण मांडून होती. तिच्या घड्याळांची नावं सी चीफ आणि सी किंग. समुद्र आमच्यापासून अख्खा सह्याद्री ओलांडून पलीकडे, आणि कृष्णा घाटावर पोहायला जाताना हे समुद्राचे राजे काढून चपलेत ठेवायचे.

शिकायचं ते घड्याळजीकडे. लक्ष्मी मार्केटच्या बाजूला अशी खोकी असायची, माणूस आत बसला की उरलेली जागा घड्याळांची. बाहेर पाटी: डायल रंगवून मिळेल. घड्याळजी डोळ्यात भिंग अडकवायचा, पात्याने मागचं झाकण टक् करून उडवायचा, आणि आपण श्वास रोखून बघायचो. आत ते केसाएवढं स्प्रिंग उघडमिट करत असायचं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या बारीक बारीक तारखा. याच्या आणि याच्या आधीच्या घड्याळजींच्या, प्रत्येक सर्व्हिसिंगची एक. तो काहीतरी फुंकायचा, तेलाचा ठिपका ठेवायचा आणि म्हणायचा, "चालतंय ओ, काय काळजी करू नका." यापलीकडे ज्ञान मिळायचं नाही. विचारलं तर तो दडवायचा, न विचारता सांगितलं तर त्यातलं निम्मं थापेचं. चांगल्या मशीनचा भाग काढून तो दुसऱ्याच्या घड्याळात बसवतो असा गावभर संशय होता, आणि तरी सगळे त्याच्याचकडे जायचे.

आता संशयाचंही शास्त्र झालंय. भाचा सांगतो, साठच्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियम असायचं. रेडियम झिजून निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात, पण त्याच्यासोबतचा चमकणारा रंग काही दशकांतच थकतो. म्हणजे त्या काळचं डायल अंधारात मेलेलं असायला हवं. झगझगत असेल तर समजायचं, कुणीतरी मागाहून रंगवलंय. अशा रंगवलेल्या, इथलं मशीन नि तिथले काटे जोडलेल्या घड्याळांना जगभरातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि त्यांच्यापासून चार हात लांब राहा म्हणून एकमेकांना बजावतात.

परवा त्याने आमच्या वडिलांचं घड्याळ भिंगाखाली धरलं. डायल रीडायल, काटे दुसऱ्या मॉडेलचे, चावी तिसरीकडची. "मामा, हे फ्रँकन आहे," त्याने निकाल दिला. म्हणजे इकडचे तिकडचे भाग जोडून उभं केलेलं.

आता वडिलांना घड्याळ चालतं हवं होतं, संग्रहालयात ठेवायचं नव्हतं. डायलवर डाग पडले म्हणून रंगवून घेतलं, काटा तुटला म्हणून मिळाला तो बसवला. दर दुरुस्तीला पैसे मोजले आणि दर वेळी 'नव्यासारखं झालं' म्हणून खूश होऊन घरी आले. याच गावात सतारमेकर गल्लीत जुना तंबोरा येतो. त्याच्या खुंट्या बदलतात, जवारी घासून पुन्हा काढतात, भोपळ्याची चीर सांधतात, आणि तो त्याच बुवांचा तंबोरा राहतो. उलट इतक्या हातांखालून गेला म्हणून त्याचा मान वाढतो. घड्याळाच्या नशिबी तेवढी जवारी का नसावी? पण हेही खरं, की आपण दहा-वीस हजार मोजून विकत घेणार असू, तर आपल्यालाही कुणी रंगवलेलं डायल मूळचं म्हणून खपवलेलं चालणार नाही. भाच्याशी वाद घालताना आम्ही हे बोलत नाही.

शिवाय या शौकाची एक गंमत आहे. किंमत येते ती न वापरलेल्याला. समुद्रात बुडी मारायला बनवलेलं, पण कधीच न बुडालेलं घड्याळ सगळ्यांत महाग. रोलेक्सच्या डेटोनाची ती ठळक आकड्यांची डायलं एके काळी दुकानात पडून राहायची. त्यातलंच एक, नट आणि मोटारशर्यतींचा शौकीन पॉल न्यूमन याचं स्वतःचं, 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरना गेलं. हे मात्र चांगलं वापरलेलं. म्हणजे वापरायचंच असेल तर आधी पॉल न्यूमन व्हावं.

रेडिओवर बातम्यांआधीचे पिप् पिप् ऐकून चावी देणं गेलं. फलाटावर अनोळखी माणसाने "किती वाजले हो?" विचारणं गेलं, आणि त्यावरून निघणारी गाव, आडनाव, सोयरीक इथपर्यंतची चौकशीही गेली. त्या वेळा चुकीच्याच असायच्या. पाच मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ आणि दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ यांच्यावर संसार चालायचे. फोन आता सेकंदाचीही चूक करत नाही. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं सरकारने 2016 साली ठरवलं, आणि ज्या 'जनता'ला आम्ही नाइलाज म्हणून नावं ठेवायचो, तिच्यावर भाच्याच्या वयाची मुलं उड्या टाकू लागली. कोपऱ्यावरचं खोकं आता मोबाइलची कव्हरं विकतं. घड्याळजीचा मुलगा सेल बदलून देतो. वडिलांचे सुट्या भागांचे डबे त्याने कधीच विकून टाकले. मुंबईचा कुणी येऊन घेऊन गेला म्हणे. त्यांचं तिथे काय झालं असेल, हे भाच्याला विचारायची सोय नाही.

भाच्याने शेवटी घेतलं एकदाचं. सत्तरच्या दशकातलं, चकती फिरणारं, पाठीवर पाण्याचं अभय कोरलेलं. डायल मूळचं, काटे मूळचे, आतलं रबरही मूळचंच. म्हणजे पन्नास वर्षांचं, कडक झालेलं. ते बदललं तर पाणी आत जाणार नाही, पण मग ते 'मूळचं' राहणार नाही. त्यामुळे पावसाची सर आली की तो ते मनगटावरून उतरवतो, रुमालात गुंडाळतो आणि आतल्या खिशात सरकवतो. वडीलही नेमकं हेच करायचे. फक्त त्यांच्या घड्याळाच्या पाठीवर तसलं काही कोरलेलं नव्हतं.