उतार

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारण ऑफिस नाही. कारण माझा डावा गुडघा.

तर झालं असं. जून २०२४, रविवार, तोरणा. वर जाताना पाऊस, धुकं, बिनी दरवाज्याखालच्या कातळावर रेलिंगला धरून फोटो, सगळं नेहमीप्रमाणे. उतरताना वेल्ह्याकडच्या धारेवर घसाऱ्यात पाय सरकला, अंग वळलं, पाऊल मात्र दगडात अडकून तिथंच राहिलं. कट्! आवाज मागच्या मित्रालाही ऐकू आला. फार दुखलं नाही, पण उभा राहिलो तर गुडघा बिजागरी निखळलेल्या दारासारखा. राहिलेली तासाभराची वाट दोघांच्या खांद्यांवर साडेतीन तासांत उतरलो.

निदान : एसीएल पूर्ण तुटलं. ही गुडघ्याच्या आतली तिरकी दोरी, नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही. पूर्ण तुटली की सहसा आपोआप नीट जुळत नाही. जुलैत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागचा टेंडन काढून नवी दोरी ओवली. थोडक्यात, एका मशीनचे पार्ट काढून तेच मशीन दुरुस्त करणं :)

यानंतर प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो. "पॉझिटिव्ह राहा!" खरं सांगतो, तिसऱ्या आठवड्यापर्यंत या शब्दाची मला ॲलर्जी झाली होती. साताऱ्याहून आलेल्या आईवर मी चहात साखर जास्त पडली म्हणून ओरडलो. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

फिजिओ मॅडम म्हणाल्या, "गुडघ्याखाली टॉवेल ठेवलाय, तो दाबा. मांडी आवळा." मी आवळली, पण मांडी ढिम्म! पाय माझा, मेंदू माझा, आणि मधे कनेक्शनच नाही. गुडघ्याला सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूचा आवाज कमी करतो म्हणे. त्यामुळे स्नायू झपाट्याने वाळतो. आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं, डावी मांडी चार सेंटीमीटर बारीक. त्या दिवशी एक्सेल शीट उघडली. तारीख, मांडी, सूज, गुडघा किती वाकतो. इंजिनिअर माणसाला उदास व्हायलासुद्धा कॉलम लागतात.

दहाव्या आठवड्यात एक माती खाल्ली. बरं वाटायला लागलं होतं, म्हणून सोसायटीत गुपचूप दोन राउंड पळालो. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म. मॅडम चिडल्या, "अहो, नवीन लिगामेंट आत्ता सगळ्यात नाजूक असतं! रक्तपुरवठा अजून तयार होतोय. तुम्हाला बरं वाटतं तेव्हाच तर धोका." इतकं उलटं लॉजिक मी कुठल्याच कोडमध्ये पाहिलेलं नाही.

ऑक्टोबरात आमचा ग्रुप राजगडला निघाला. मी घरी बसून त्यांचे फोटो बघणार नव्हतो. म्हटलं, गुंजवण्यापर्यंत येतो, खाली थांबतो. पहाटे त्यांच्या बॅटऱ्या चोरदरवाज्याच्या वाटेला लागल्या, छोट्या होत गेल्या, झाडीत दिसेनाशा झाल्या. मला रडू येत होतं, लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे जेवण सांगितलं होतं त्या घरातल्या आजी बाहेर आल्या.

"काय पाव्हनं, तुमी न्हाई गेला?"

"पाय मोडलाय आजी."

"मग बसा की. गड कुटं पळून जातुय व्हय?"

बाजेवर बसून मी व्यायाम सुरू केला, टाच घासत मागे आणायची, परत सोडायची. आजी बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. मग उजाडलं. समोर भात पिकलेलं, लोंब्या वाकलेल्या, आणि धुक्यातून हळूहळू बाहेर येणारा बालेकिल्ला. आठ वेळा राजगड केला होता, पण तो असा बसून कधी बघितलाच नव्हता. आम्ही पोचायचो तेच घड्याळ बघत!

डिसेंबरात पर्वती. पायऱ्या एकशे तीन. चढलो आरामात. उतरताना मात्र तिसऱ्याच पायरीवर थबकलो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात जात वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. चढण दमवते, पण गुडघ्याची परीक्षा उतारच घेतो. वर डोक्यात ते 'कट्'. कठडा धरून, एकेक पायरी, आडवा होऊन उतरलो. रोज येणारे एक आजोबा दोनदा वर-खाली करून गेले. जाताना म्हणाले, "अरे, पायाकडे बघू नकोस, पुढच्या पायरीकडे बघ." नंतर चार महिने आठवड्यातून तीनदा पर्वती.

एप्रिल २०२५ मध्ये ऑपरेशनला नऊ महिने झाले. हॉप टेस्ट पास झालो, मॅडमनी परवानगी दिली आणि त्याच शनिवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड. सोबत दोन काठ्या, ज्यांना पूर्वी मी हसायचो. वर झुणका-भाकर, मडक्यातलं दही. आणि मग उतार. पहिल्या घसाऱ्यावर दहा मिनिटं नुसता उभा होतो. मित्र काही बोलला नाही, बाजूला उभा राहून पाणी पीत राहिला. मग मी डावा पाय पुढे टाकला.

रविवारी सकाळी टेप काढली. गुडघा अर्धा सेंटीमीटर जास्त. सोमवारी संध्याकाळी नॉर्मल. आईला फोन केला, आधी चहाबद्दल सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "कुठला चहा रे?"