पाण्याचे बचत खाते

बँकेत बावीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर बिघडते. त्याला जगात जिकडेतिकडे जमा आणि नावे एवढेच दिसू लागते. लंडनचा टॉवर ब्रिज पाहून लोक म्हणतात, ‘काय देखणा पूल!’ मी त्याच्या पोटातल्या जुन्या यंत्रांची चित्रे पाहिली आणि म्हणालो, ‘अरे, हे तर सेव्हिंग्ज खाते!’ (चित्रेच पाहिली. आमच्या एल.टी.सी.त लंडन बसत नाही.)

प्रकार असा. १८९४ साली हा पूल सुरू झाला. जहाज आले की मधला रस्ता दुभंगून दोन्हीकडे वर उचलायचा. एकेका बाजूचे वजन हजार टनांच्या वर आणि काम मिनिटभराचे. एवढी ताकद ऐन वेळी आणायची कुठून? तर वाफेवरचे पंप थोडे थोडे पाणी सहा उभ्या नळकांड्यांत रेटत राहायचे. प्रत्येक नळकांड्याच्या दट्ट्यावर प्रचंड ओझे. पाणी जमा झाले की ओझे वर चढणार. पाणी काढले की तेच ओझे खाली येत पाण्याला मागून ढकलणार. हे पाणी इंजिनात शिरून दातेरी चाके फिरवायचे आणि रस्ता आकाशाकडे निघायचा. या यंत्राचे नाव ॲक्युम्युलेटर. आम्ही त्याला पासबुक म्हणतो.

पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नासपट. तेवढा दाब हवा असेल तर आमच्या गच्चीवरची टाकी अर्धा किलोमीटर उंच न्यावी लागेल. सध्या ती चौथ्या मजल्यावर आहे आणि तिच्यात पाणी चढवण्यावरूनच सोसायटीत दोन पक्ष आहेत.

ही अक्कल विल्यम आर्मस्ट्राँगची. गृहस्थ पेशाने वकील! न्यूकॅसल शहरात लांबच्या तलावाचे पाणी आले, तेव्हा शहराच्या सखल भागात नळाला जादा दाब मिळू लागला. (‘नळ’ आणि ‘जादा दाब’ हे शब्द एका वाक्यात मी प्रथमच लिहितो आहे.) आर्मस्ट्राँगने १८४६ साली त्या दाबावर धक्क्यावरची क्रेन चालवली आणि वर्षभरात वकिली सोडून कारखाना काढला. जिथे नळाला दाब नाही तिथे उंच मनोऱ्यावर टाकी बांधायची. ग्रिम्सबी बंदरातला १८५२ चा ९४ मीटरचा मनोरा अजून उभा आहे. पण एके ठिकाणी जमीन रेताड निघाली, मनोरा उभा राहीना, म्हणून त्याने टाकीऐवजी ओझे वापरले. अडचण आल्याशिवाय बचत सुचत नाही, हे इंग्रजांनाही लागू आहे.

पुढे लंडनमध्ये एका कंपनीने दाबाच्या पाण्याचे नळच घातले, जवळजवळ २९० किलोमीटर. त्यावर हॉटेलांच्या लिफ्ट, गोदीतल्या क्रेन आणि नाटकगृहांचे पडदेसुद्धा चालत. मग वीज आली. टॉवर ब्रिज १९७६ मध्ये तेल आणि विजेवर गेला. कंपनीचे वॉपिंगचे शेवटचे केंद्र १९७७ मध्ये बंद पडले. पुलाची जुनी यंत्रे आता रंगवून मांडली आहेत. लोक तिकीट काढून बघतात.

इथे मला जरा अस्वस्थ वाटले. मी लागलो तेव्हा आमच्या शाखेत काउंटरवर अकराजण होतो. आता तिघे. उद्या मलाही कोणी रंग देऊन कोपऱ्यात उभे करील. पण तिकीट कोण काढणार? मुलीला विचारले, तर ती म्हणाली, ‘बाबा, आम्हांला पास द्या.’

धीर दिला तो लंडनच्या नळांनी. १९८० नंतरच्या दशकात एका टेलिफोन कंपनीने ते विकत घेऊन त्यांतून काचतंतूंच्या केबल घातल्या. नळ जुने होते खरे, पण ते दारोदार आधीच पोचलेले होते.

आमच्याकडे धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या एक आजी येतात. भांडी घासून अंगठा असा गुळगुळीत झालाय, की मशीन त्यांना ओळखत नाही. मी ओळखतो. महिन्याला दोनशे रुपये, न चुकता. गेल्या जूनमध्ये खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘भाऊ, नातीच्या कॉलेजच्या फीपुरते झाले का, बघ जरा.’

झाले होते. सहा वर्षांचे दोनशे-दोनशे मिनिटभरात त्यांच्या हातात आले. त्यांनी ते दोनदा मोजले, कनवटीला लावले, त्यातले दोनशे परत काढून माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, ‘हे पुन्हा टाक. आणि पुढच्या महिन्यात तू आहेस ना रे इथे?’

‘आहे की,’ म्हटले, आणि स्लिप भरायला घेतली.