नारोशंकराची घंटा, मूळ गाव वसई

‘सेव्ह्ड बाय द बेल’ या इंग्रजी वाक्प्रचाराची मागे मी सांगितलेली कथा चुकीची होती. जिवंतपणी पुरले जाण्याच्या धास्तीने शवपेटीला बांधलेली घंटा, ही कल्पना मोहक खरी. तशा शवपेट्यांची पेटंटेही एकोणिसाव्या शतकात घेतली गेली. वाक्प्रचार मात्र आला मुष्टियुद्धातून. कोसळलेल्या खेळाडूवर दहा अंक मोजून होण्याआधी फेरी संपल्याची घंटा वाजली, की तो बचावे. ऐन वेळी सुटका, एवढाच अर्थ.

दुरुस्ती लिहिताना दुसरी एक घंटा आठवली.

महाविद्यालयात असताना नाशिकच्या मित्राकडे गेलो होतो. माझा आवाज मुळातच चढा. त्याची आई हसून म्हणाली, “हळू रे, अगदी नारोशंकराची घंटा आहेस!” संध्याकाळी मित्राने ती दाखवली. पंचवटीत गोदाकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे मंदिर, त्याच्या तटबंदीवर ती प्रचंड घंटा. तिच्यावर साल कोरलेले, १७२१. देवळाहून घंटा २६ वर्षांनी वडील!

कारण ती वसईची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंगांनी तट फोडून पोर्तुगिजांना शरण आणले आणि इथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक मेणवलीला.

मी वसईचा, ख्रिस्ती घरातला. त्या विजयाचा धडा शाळेत मीही छाती फुगवून वाचला आहे आणि त्याच किल्ल्यातल्या छप्पर हरवलेल्या चर्चमध्ये लपाछपीही खेळलो आहे. दोन्ही वारसे माझेच. त्यांतला एक निवडावा असे मला कधी वाटले नाही. तरी त्या संध्याकाळी घंटेखाली उभा असताना घशात काहीतरी अडकले. वसईत ती वाजली असेल फार तर १८ वर्षे. कुणाच्या तरी लग्नाला, कुणाच्या मरणाला. बोलीने लक्षात ठेवले ते घंटा मिळवणाऱ्या सरदाराचे नाव. गावाचे नाव गळून पडले. वाक्प्रचारांचे हे असेच असते, जिथे रुळतात तिथल्याच माणसांचे होतात.

रात्री जेवताना मित्राच्या आईला हे सांगितले. त्या वाढता वाढता थांबल्या.

“अगं बाई, म्हणजे ती तुमच्याकडची!” मग पानात आणखी भात वाढत म्हणाल्या, “बोल बाबा, हवं तेवढ्या मोठ्यानं बोल.”