गजाआडचा सज्जन

आमच्या चौकातलं वाईन शॉप शोधावं लागत नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना सगळे याच्या अलीकडचं नाहीतर पलीकडचं घर सांगतात. नाव वाईन्स, पण खरोखर वाईन मागितलीत तर आतला पोऱ्या स्टूल शोधायला जातो आणि वरच्या फळीवरून बाटली येते ती खांद्यावर धूळ घेऊन.

घराणं मोठं गमतीचं. ज्या कायद्याच्या परवान्यावर हा जगतो तो 1949 चा, आणि त्याचं नाव दारूबंदी कायदा! असल्या घरात वाढलेलं पोर संशयी निघणारच. म्हणून दर्शनी भागाला लोखंडी गज. गजाआड तो उभा असतो, पण चोरट्यासारखं वाटतं ते बाहेरच्याला.

याला पसंती-नापसंतीचं कौतुक नाही. साडीच्या दुकानात चाळीस साड्या उलगडून "जरा बाजारात बघून येतो" म्हणता येतं. इथे हे वाक्य आजवर कुणी उच्चारलेलं नाही. निवड करायची ती रांगेत, पुढच्याच्या खांद्यावरून, फळीवरच्या लेबलांकडे डोळे बारीक करून. नंबर आला की तीन शब्दांत उरकायचं: माल, माप, नग. 180 ची क्वार्टर, 375 ची हाफ, 750 चा खंबा. "यात चांगली कुठली?" असं कुणी नवख्याने विचारलं की मागची रांग एकदम खोकते. शेठ त्याच्या बुटांकडे एक नजर टाकतात आणि बाटली काढतात. किंमत बरोब्बर त्याच्या खिशाएवढी निघते.

वयाच्या बाबतीत मात्र हा भलता सोवळा, निदान पाटीवर तरी. बिअरला 21 वर्षं पूर्ण हवीत, व्हिस्की-रमला 25. म्हणजे एकविसाव्या वर्षी मुलगा बोहल्यावर चढू शकतो, पण त्याचं दुःख बुडवायला चार वर्षं थांबायचं. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशीला 5 रुपये, देशीला 2. तो कुणी मागून घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. सुट्ट्या पाच रुपयांवरून झालेली भांडणं मात्र रोज पाहतो.

नावाचा याला फार सोस होता. पूर्वी देव, महापुरुष, गडकिल्ले, कुणालाही तो पाटीवर बसवायचा. 2022 साली सरकारने ती नावं लावायला मनाई केली.

पंचांग मात्र पाठ. 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, मतदानाआधीचे दिवस, तेव्हा शटर खाली. गांधीजयंती कधी हे शाळेतला पोरगा एखादवेळ विसरेल, याचं गिऱ्हाईक नाही. आदल्या संध्याकाळी रांग शेजारच्या चखन्याच्या गाडीला वळसा घालून औषधाच्या दुकानापर्यंत जाते. मग तिथे ओळखीचं कुणी भेटलं, तर आपण डोकेदुखीच्या गोळीसाठी उभे असतो.

कारण इथे स्वतःसाठी कुणीच घेत नाही. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या सासऱ्यांना डॉक्टरांनी सांगितलंय, कुणाच्या मित्राला निघायची घाई आहे. शेठ विचारत नाहीत, तरी लोक सांगतात. शेठ मान डोलावतात, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळतात, वर काळी पिशवी. त्या काळ्या पिशवीत काय आहे हे सगळ्या गल्लीला कळतं, तरी पिशवी काळीच हवी.

तिरसट आहे, मान्य. पण याचा एक गुण सांगतो आणि थांबतो. रविवारी सकाळी भाजीमंडईत हे शेठ समोर येतात. आपल्या एका हातात मेथीची जुडी, बाजूला बायको. रोज संध्याकाळी आपण तोंड उघडायच्या आत "हाफ ना?" म्हणणारा हा माणूस आपल्याकडे अगदी अनोळखी नजरेने पाहतो आणि शांतपणे कोथिंबिरीचा भाव विचारत पुढे जातो.

इतकं जपणारं माणूस नात्यात तरी दाखवा.