नरसिंग की नृसिंह?

पेन्शनच्या कागदांवरून खिडकीतला पोरगा म्हणाला, "काका, ही दोन माणसं आहेत." शाळेच्या दाखल्यावर नरसिंग, आधारवर नृसिंह. वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळं सारखं. मी म्हटलं, "बाबा, देव एकच आहे." तो म्हणाला, "देवाचं नको, तुमचं शपथपत्र आणा." आणलं, तर टाइप करणाऱ्यानं इंग्रजीत 'एच' खाल्लेला. पुन्हा स्टॅम्प, पुन्हा नोटरी. मग दुसरे साहेब म्हणाले, राजपत्रातच छापून आणा. म्हणजे जे नाव मी बदललंच नाही, ते बदलल्याची जाहिरात मीच द्यायची! अजून आठवलं की डोकं फिरतं.

पोखर्णीचा नृसिंह आमचं कुलदैवत. गावच्या रेल्वे स्टेशनच्या नावातसुद्धा तोच. घरात नृसिंह, नरहरी, प्रल्हाद हीच नावं फिरून फिरून येतात. मला आजोबांचं आलं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी गावच्या तोंडी होतं तसं लिहून घेतलं. आजोबांना हा ताप नव्हता. १९४८ पर्यंत आमच्याकडे निजामाचं राज्य, दफ्तर उर्दूत, आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. नर वाचा नाहीतर नृ वाचा!

आडनावाची गंमत वेगळीच. आम्ही पोखर्णीकर झालो ते परभणीला राहायला आल्यावर. गावातले भाऊबंद अजून कुलकर्णीच. गावात राहून स्वतःला गावकर कोण म्हणवून घेणार?

नातवाच्या वेळी मी सुनेला बजावलं, जन्मदाखल्यावरचं अक्षर न् अक्षर तपासून घे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव येतं, म्हणजे चुकायला आणखी एक जागा. खरं सांगू, गावात कुणी "नरसू" म्हणून हाक मारली की मला नृसिंहपेक्षा तेच बरं वाटतं.

हे सगळं मी तावातावानं सांगत होतो, तर बायको हसायला लागली. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच तिचं नवं नाव लिहिलं होतं. तेही माझ्या आईनं निवडलेलं. तिच्या दहावीच्या प्रमाणपत्रावरचं आणि रेशनकार्डावरचं नाव यांत एक अक्षर जुळत नाही. "तुमचं एक अक्षर गेलं तर केवढा आरडाओरडा," ती म्हणाली. मी म्हटलं, तेव्हा बोलायचंस. "विचारलं होतं कुणी?"